लिगामेंट उगवेल म्हणून थांबू का?

"ताई, मी चोवीस वर्षांची, फुटबॉल खेळते. पाच आठवड्यांपूर्वी पळता पळता एकदम वळले, गुडघ्यात 'टक्' झालं आणि खालीच बसले. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटल्याचं आलं. सर्जन म्हणतात, मांडीमागची शीर काढून तिचं नवीन लिगामेंट करू. माझी चांगली शीर मला द्यायची नाही. मी वाचलंय की आता रेशमाचं किंवा कोलॅजेनचं स्कॅफोल्ड घालून, त्यात स्टेम सेल सोडून आपलंच लिगामेंट परत उगवतं. दोन-चार वर्षांत ते सगळीकडे मिळेल, तोवर थांबावं असं वाटतं. मैत्रिणी म्हणतात, उरकून टाक. — थांबू की उरकू"

अगं,

स्कॅफोल्डची, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणाऱ्या सांगाड्याची, वाट बघत वर्षं काढू नकोस. आणि मैत्रिणी म्हणतात म्हणून उद्याच्या उद्या उरकूही नकोस. सूज उतरायला आणि सर्जनला चार प्रश्न विचारायला लागतो तेवढा वेळ तुझ्याकडे नक्की आहे. आता कारणं सांगते. ती लांबणार, कारण तू वाचलेलं बरंचसं खरं आहे. सगळंच खोटं असतं तर एका ओळीत उत्तर दिलं असतं.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट. ते आपोआप का जुळून येत नाही, तिथून सुरुवात करू. त्याच गुडघ्याच्या आतल्या बाजूला एमसीएल नावाचं लिगामेंट असतं. ते फाटलं तर बहुतेकदा ब्रेस लावून, व्यायाम करून जुळतं. दोन्ही कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचीच, दोन्ही एकाच गुडघ्यातली, फक्त राहण्याची जागा वेगळी. एमसीएल सांध्याच्या बाहेर आहे. ते फाटलं की टोकांच्या मधे रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती गुठळीच पूल बनते. त्यावरून पेशी येतात आणि डागडुजी सुरू करतात. एसीएल मात्र सांध्याच्या पोटात, वंगणासारख्या द्रवात बुडालेलं. तिथेही रक्त येतं, पण त्या द्रवात गुठळी टिकत नाही, विरघळून जाते. दोन टोकं समोरासमोर लोंबत राहतात आणि मधे पूल नसतो. तू जे स्कॅफोल्ड म्हणतेस, त्यातला निदान एक प्रकार म्हणजे त्या हरवलेल्या गुठळीची बदली आहे, आणि नेमका तोच प्रकार आज प्रयोगशाळेबाहेर पडून माणसांच्या गुडघ्यात पोचला आहे.

त्याचं नाव बेअर. बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या सर्जन मार्था मरे यांनी गुठळी का टिकत नाही या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं, त्यातून तो निघाला. दिसायला अगदी साधा: गाईगुरांच्या ऊतींपासून मिळवलेल्या कोलॅजेनचा छोटा पांढरा स्पंज. शस्त्रक्रियेत एक लहान छेद घेऊन सांधा उघडतात. नडगीच्या हाडाला चिकटून राहिलेला एसीएलचा बुंधा टाक्यांनी पकडतात. हाडांतून दोरे ओवून त्यांवर स्पंज सरकवत जागेवर नेतात, रुग्णाचंच रक्त त्यात मुरवतात आणि बुंधा वर ओढून त्या रक्ताळलेल्या स्पंजात शिरवतात. स्पंज रक्त धरून ठेवतो, सांध्यातला द्रव त्याला लगेच धुऊन नेऊ शकत नाही. साधारण आठ आठवड्यांत शरीर स्पंज शोषून टाकतं आणि त्याच्या जागी नवी ऊती येत जाते. लक्षात घे, यात स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, नाहीत की रेशीम नाही. नवं लिगामेंट कुठे वाढवून आणून बसवलं असंही नाही. तुझीच दोन टोकं आहेत, मधे पूल घातला आहे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२० मध्ये त्याला मान्यता दिली तेव्हा अटी घातल्या होत्या: वय किमान १४, हाडांची वाढ पूर्ण झालेली, बुंधा नडगीच्या हाडाला अजून चिकटलेला, आणि दुखापतीपासून ५० दिवसांच्या आत. ती शेवटची अट पुन्हा वाच. बुंधा तसाच पडून राहिला तर आखडतो, झिजतो, मग टाके घालायला धड काही उरत नाही. तू ज्या गोष्टीसाठी थांबायचं म्हणतेस, तिच्या दृष्टीने थांबणं हीच सगळ्यात वाईट तयारी आहे. तुझे पस्तीस दिवस झाले. पुढेमागे अटी सैल होवोत की न होवोत, ताजा बुंधा जुन्या बुंध्यापेक्षा कामाचा, यात बदल होत नाही.

त्याचे आकडेही सांगते, म्हणजे सुटसुटीत जाहिरात वाटायला नको. १०० जणांची एक चाचणी झाली. ६५ जणांना बेअर, ३५ जणांना ग्राफ्ट, म्हणजे स्वतःच्याच शरीरातून काढून बसवलेली कंडरा, आणि त्यातले जवळजवळ सगळे मांडीमागच्या कंडरेचे, तुझे सर्जन म्हणतात तसे. दोन वर्षांनी गुडघा कसा वाटतो याच्या गुणपत्रिकेत दोन्ही गट जवळपास सारखे निघाले: बेअर ८८.९, ग्राफ्ट ८४.८. मांडीमागच्या स्नायूंची ताकद मात्र बेअरवाल्यांची चांगल्या पायाच्या ९८ टक्के भरली, ग्राफ्टवाल्यांची ६३. तुझी 'चांगली शीर द्यायची नाही' ही कुरकुर इथे आकड्यात दिसते, उगाच नाही ती. पण त्याच चाचणीत बेअर गटातल्या १४ टक्के जणांना त्याच गुडघ्याच्या एसीएलसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली, ग्राफ्ट गटात ६ टक्क्यांना. इतक्या कमी माणसांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, संख्याशास्त्राने त्याला ठाम म्हटलेलं नाही. तरी सामन्यात वळणं घेणारी खेळाडू म्हणून मी तुझ्या जागी असते, तर त्या १४ वर बोट ठेवून सर्जनला बोलतं केलं असतं.

आता त्या 'चांगल्या शिरे'कडे येऊ. ती शीर नव्हे, कंडरा आहे, म्हणजे टेंडन. पण सगळेच शीर म्हणतात, चालायचंच. तुझ्या चांगल्या पायावर करून बघ: खुर्चीत बस, टाच खुर्चीच्या पायाला अडकव आणि मागे ओढ. गुडघ्याच्या मागे, आतल्या बाजूला एक ताठ दोरी हाताला लागेल. बोटांत पकडता येईल इतकी स्पष्ट. सर्जन जी काढायची म्हणतात, ती बहुतेक हीच. नेहमीच्या पद्धतीत ती दुखऱ्या पायातूनच काढतात, दुमडून जाड करतात आणि दोन्ही हाडांत बोगदे पाडून बसवतात.

आणि इथे तुझ्या वाचनातून निसटलेली गोष्ट आहे. तो ग्राफ्टही स्कॅफोल्डच असतो. कापून काढल्यावर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक मरून जातात. मागे उरते ती कोलॅजेनची रिकामी वीण. मग सांध्याच्या आवरणातून नव्या पेशी येतात, बारीक रक्तवाहिन्या शिरतात, जुनी वीण उसवतात, नवी घालतात. महिनोन् महिने हे चालतं आणि कंडरा हळूहळू लिगामेंटसारखी वागू लागते. म्हणजे तुझे सर्जन तुला स्कॅफोल्डच देऊ करताहेत. फक्त तो प्रयोगशाळेत विणलेला नाही, तुझ्याच मांडीतला आहे, आणि तो काय करतो, कधी फसतो, हे अक्षरशः लाखो गुडघ्यांत पाहून झालेलं आहे.

यातला एक धोका रुग्णांना कितीदा सांगितला तरी कमीच. जुनी वीण उसवत असते आणि नवी अजून कच्ची असते, असा एक काळ मधे येतो. त्या पहिल्या काही महिन्यांत ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, जिना भराभर चढता येतो. पंचवीस वर्षं लोकांचे गुडघे वाकवून घेतले मी. 'ताई, आता काहीच होत नाही मला' हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ऐकलं की मला धास्तीच वाटते.

मग रेशमाचं काय, स्टेम सेलचं काय? तेही सांगते, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

स्कॅफोल्ड म्हणजे परांची, इमारतीला बांधतात ती. शब्द चांगला आहे, पण जरा फसवा. इमारतीची परांची बाहेरून बांधतात आणि काम झालं की माणसं ती सोडवून नेतात. शरीरातली परांची भिंतीच्या आत असते. तिच्यावरचे गवंडी म्हणजे पेशी, आणि तिला सोडवायला कोणी येत नाही. तिने स्वतःच विरघळायचं, तेही भिंत चढेल त्याच वेगाने. घाईने विरघळली तर लिगामेंट सैल पडतं. रेंगाळली तर भार तीच पेलत राहते, पेशींपर्यंत ताण पोचत नाही, आणि ताण न मिळालेल्या पेशी कोलॅजेन विणतात ते ढिसाळ, वाटेल त्या दिशेला.

ही गोष्ट शिकायला मोठी किंमत मोजावी लागली. तरुण माणसाचं एसीएल यंत्रात ओढलं तर सुमारे २१६० न्यूटनला तुटतं, म्हणजे २२० किलोचं वजन टांगल्यासारखं. १९८० च्या दशकातला विचार सरळ होता: याहून मजबूत दोरी आणा. कार्बन फायबर, डेक्रॉन, गोर-टेक्स, सगळं वापरून झालं. गोर-टेक्सची दोरी तर मूळ लिगामेंटच्या दुपटीहून जास्त ताण सोसायची. रुग्ण लवकर उभे राहिले, सगळे खूश. मग दोऱ्या हाडाच्या कडेला घासू लागल्या. झिजलेले कण सांध्यात पसरले, गुडघे सुजू लागले, दोऱ्या तुटल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या बऱ्याच बाजारातून गेल्या. जिवंत लिगामेंट रोज हजारो वेळा वाकतं आणि वापरता वापरता स्वतःला सांधत राहतं. दोरी नुसती झिजते.

रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांनी १९९३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टिश्यू इंजिनिअरिंगची कल्पना मांडली, ती याच सुमाराला. पेशी, त्यांना आधार देणारी परांची आणि वाढीचे संकेत, या तिघांची मोट बांधून ऊती तयार करायची. लिगामेंटवाल्यांनी ती उचलली. २००२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या डेव्हिड कॅप्लन यांच्या गटाने रेशमाची पिळाची दोरी केली. रेशमावर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो, त्याने शरीर बिथरतं, म्हणून तो आधी काढून टाकायचा. उरलेले तंतू पीळ देत देत दोरीत गुंफले आणि त्यांवर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी (त्याच स्टेम सेल) वाढवल्या. कॅटो लॉरेन्सिन यांच्या गटाने विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीतल्या धाग्यांची वेणी घातली, तीही टोकांना वेगळी आणि मधे वेगळी, कारण टोकं हाडात बसायची आणि मधला भाग सांध्यात. अशा विणीत मोकळ्या जागा केसाच्या जाडीच्या दोन-तीनपट तरी लागतात, नाहीतर पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतच नाहीत. जागा वाढवली की दोरी कमजोर होते, दोरी घट्ट केली की जागा जाते. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटते ती पेशींना व्यायाम देण्याची पेटी, बायोरिअॅक्टर. शरीराइतक्या उबेच्या द्रवात स्कॅफोल्डचा तुकडा दोन चिमट्यांत धरलेला असतो. मोटर त्याला हलकेच ओढते आणि सोडते, पुन्हा ओढते आणि सोडते. ताण लांबीच्या काही टक्क्यांचाच. काही वेळ ओढायचं, मग विश्रांती. न ओढलेल्या तुकड्यात पेशी विस्कटलेल्या पडतात. ओढलेल्यात त्या लांबट होऊन ताणाच्या दिशेला रांगेत लागतात आणि कोलॅजेनही तसंच घालतात. जास्त ओढलं तर नुकसान होतं. तुझ्या फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद आणि ही पेटी यांत मला फारसा फरक दिसत नाही. वाढवत वाढवत दिलेला ताण, मधे विश्रांती. तुकडा तेवढा पेटीऐवजी तुझ्या गुडघ्यात.

हे सगळं दोन-चार वर्षांत सगळीकडे मिळेल असं मला का वाटत नाही? एक कारण हाडाशी होणारा सांधा. निसर्गात लिगामेंट हाडाला चिकटवलेलं नसतं, त्याचं हाड होत जातं: लिगामेंट, मग कूर्चेसारखा मऊ थर, मग चुना साठलेला थर, मग हाड, आणि हे सगळं जेमतेम मिलिमीटरभरात. कोलंबिया विद्यापीठात हेलन लू यांचा गट असे थराथराचे स्कॅफोल्ड करण्यामागे आहे, पण ग्राफ्ट असो की स्कॅफोल्ड, निसर्गासारखा तो जोड अजून कोणालाच धड जमलेला नाही. दुसरं कारण असं की प्राण्यात जमलेलं माणसात जमतंच असं नाही. डुकराच्या आतड्याच्या एका थरापासून केलेला पॅच प्राण्यांमध्ये आशादायक दिसला होता. २००६ मध्ये खांद्याच्या मोठ्या, जुन्या फाटलेल्या कंडरांवर तो लावून चाचणी झाली. पॅच लावलेल्या १५ खांद्यांतले ४ भरून आले, न लावलेल्या १५ मधले ९. चांगला वाटणारा आधार न घातलेलाच बरा होता. प्रयोगशाळेतली बातमी वाचताना मी मनातल्या मनात हे दोन आकडे शेजारी ठेवते.

म्हणून स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन फाटलेलं एसीएल 'उगवून' देतो असं कोणी सांगितलं, तर तिथून उठून ये. पूर्ण तुटलेल्या दोन टोकांमधे मोकळ्या पेशी सोडायच्या, म्हणजे परांचीशिवाय हवेत गवंडी उभे करायचे. रीतसर चाचणीत घेत असतील तर गोष्ट निराळी. मग नोंदणी क्रमांक माग, नैतिकता समितीची मंजुरी विचार. चाचणीत घेताना उपचाराचे पैसे मागत असतील तर अजून दोनदा विचार कर.

तुझ्यासमोर तिसरा रस्ताही आहे, तो तुझ्या पत्रात नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायाम. बाकीच्यांना आधी नुसता कसून व्यायाम, आणि गुडघा अस्थिरच राहिला तर मागाहून शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुणांत फरक पडला नाही. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांना तोवर शस्त्रक्रिया करावी लागली होती, पाच वर्षांत साधारण निम्म्यांना. पुढे त्यांचे एमआरआय पुन्हा तपासले, तेव्हा नुसत्या व्यायामावर राहिलेल्या काहींचं एसीएल चक्क जुळलेलं दिसलं. वर मी 'टोकं लोंबत राहतात' म्हटलं, त्यालाही असे अपवाद आहेत. पण हा रस्ता म्हणजे थांबणं नव्हे. आठवड्यातून अनेकदा घाम गाळायचा, वळणाचे खेळ बंद, आणि गुडघा 'निसटतो' असं एकदा जरी वाटलं तरी लगेच सांगायचं. निसटणारा गुडघा घेऊन खेळत राहिलीस तर मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, आणि कूर्चा फाटत जातात, आणि ते नुकसान भरून देणारा स्कॅफोल्ड कोणाच्याच खिशात नाही.

सर्जनकडे जाताना एमआरआयची फिल्म ने, नुसता अहवाल नको. विचार: बुंधा किती लांबीचा उरलाय, नडगीला चिकटलेला आहे का? फाटलंय ते मधे की मांडीच्या हाडापाशी? मेनिस्कस शाबूत आहे का? तो टाका घालण्याजोगा फाटला असेल तर व्यायाम करून बघण्याइतकी सवड कमी होते. माझं एसीएल जोडता येण्यासारखं आहे का, आणि तुम्ही स्वतः अशी किती केलीत? मांडीमागची नको असेल तर गुडघ्याच्या वाटीखालची किंवा वरची कंडरा चालेल का? तीही तुझीच, त्यांचेही तोटे आहेत, पण फुटबॉलमध्ये मांडीमागच्या ताकदीची गरज असते, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. बेअर तुझ्या आवाक्यातल्या रुग्णालयात होत नसेल तर त्यासाठी झुरू नकोस. ग्राफ्ट घेऊन परत खेळणाऱ्या मुली आहेत.

काहीही ठरलं तरी नऊ महिने मैदान विसर. ग्राफ्टवाल्यांच्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं एकेक महिना पुढे ढकललं, तसं गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटलं. आणि नऊ महिने भरले म्हणजे झालं असंही नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून, एका पायावरच्या उड्या मोजून मगच.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, आणि मला सगळ्यात आधी तीच हवी होती: गुडघा पूर्ण सरळ होतो का? जमिनीवर पाय पसरून बस, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाब. चांगल्या पायाइतका सरळ होत नसेल, अडकल्यासारखा वाटत असेल, तर तसं सर्जनला आजच कळव. फाटलेला मेनिस्कस मधे आला की गुडघा असा अडकतो. नुसती सूज किंवा आखडलेपण असेल, तर आखडलेल्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया पुढे आखडलेलाच गुडघा देते, मग आधी तो सरळ करून घ्यायचा. हा दाब दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दहा-दहा. किती अंश कमी पडतो ते फिजिओकडून मोजून घे आणि मला लिही.